अर्धलीची शेळी आणि एक छोटा देश

“भाऊसाहेब, तो फ्लेक्स आधी उतरवा,” मी फोनवर तिसऱ्यांदा सांगत होतो.

भाऊसाहेब आमच्या शेळीपालक संस्थेचे अध्यक्ष. त्यांना काही पटत नव्हतं. फ्लेक्स कालच दुपारी ईट गावच्या चौकात लागला होता, दोन दिवस तरी राहू द्या म्हणत होते. आपल्या संस्थेला एवढी प्रसिद्धी आजवर कधी मिळाली नाही, असंही म्हणाले. ते खरंच होतं आणि अडचण नेमकी तीच होती.

माझ्यापासून दहा पावलांवर डॉ. मरियम गाडीला टेकून फोनवर बोलत होत्या. पलीकडून त्यांच्या देशाचे मंत्री बोलत होते. भाषा मला कळत नव्हती. पण वरिष्ठांची बोलणी खाताना माणूस कसा उभा राहतो, हे मी सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिलंय, आणि स्वतः तसा उभाही राहिलोय. बाईंची नजर जमिनीवर होती आणि बुटाच्या टोकानं त्या एकच खडा इकडून तिकडे सरकवत होत्या.

हे सगळं कशामुळे झालं ते आधी सांगतो.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरीतली बरीच वर्षं भूम आणि वाशी तालुक्यांत गेली आणि निवृत्तीनंतर मी या संस्थेचा सल्लागार झालो. सल्लागार म्हणजे पगार नसलेला कामगार. आमच्या जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण इथल्या शेळीच्या जातीचं नाव कागदोपत्री उस्मानाबादीच आहे. काळी, लांब कानांची, काटकुळ्या झुडपावरही भागवणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी ही शेळी. पाऊस कमी पडला तरी घर चालवते. तिला ओळखणारे लोक फार लांब लांब आहेत, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

डॉ. मरियम अशाच लांबच्या एका देशातून आल्या होत्या. देशाचं नाव सांगणार नाही. समुद्रापलीकडचा, उन्हाचा आणि दगडांचा छोटा देश आहे, एवढं पुरे. त्या तिथल्या पशुसंवर्धन खात्यात मोठ्या अधिकारी, माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या. त्यांच्या देशाला लागून एक दांडगा शेजारी देश आहे. छोट्या देशात जाणारा धड रस्ता एकच, तोही त्या शेजाऱ्याच्या हद्दीतून. जनावरांच्या लसी तिकडूनच येतात आणि पैदाशीचे बोकडही तिकडूनच. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललेलं.

यात दोन दुखणी होती. पहिलं दुखणं आमच्या धंद्यातलं. एकाच ठिकाणचे बोकड वर्षानुवर्षं वापरले की रक्त जवळचं होत जातं. बाप, आजोबा, मामा सगळे एकाच घरचे. मग करडं लहान जन्मतात, अशक्त राहतात, पहिल्या महिन्यात मरतात. यावर उपाय एकच, बाहेरचं रक्त आणायचं. दुसरं दुखणं राजकारणातलं. मरियमबाईंच्या देशानं कुठल्याशा आंतरराष्ट्रीय बैठकीत शेजाऱ्याला न आवडणारं मत दिलं, की सीमेवर लसींचे ट्रक थांबायचे. कारण विचारलं तर तपासणी चालू आहे, एवढंच उत्तर. तपासणी संपेपर्यंत बर्फ वितळायचा आणि लस वाया जायची. ज्या बैठकीशी करडांचा काडीचा संबंध नाही, तिच्यापायी करडं मरायची.

म्हणून मरियमबाईंनी पाच वर्षं आपल्याच सरकारची मनधरणी केली, आपण बोकड दुसरीकडूनही आणू म्हणून. जिवंत बोकड नाही, रेतमात्रा. म्हणजे बोकडाचं वीर्य नळीत भरून, अतिथंड द्रवात गोठवून न्यायचं आणि तिकडच्या शेळ्यांना वापरायचं. एक लहान पिंप विमानातून गेलं, की रस्त्याचा प्रश्न सुटला. मंत्री शेवटी हो म्हणाले, पण एका अटीवर. करार होईपर्यंत गाजावाजा नको, शेजाऱ्याला आम्ही आमच्या सवडीनं सांगू.

बाईंनी हे मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं आणि मी ते भाऊसाहेबांना सांगितलं. कुणाला बोलू नका असं बजावून सांगितलं. आता असं बजावून सांगितलेली गोष्ट आमच्याकडे किती वेळ पोटात राहते, ते मला ठाऊक असायला हवं होतं. शिवाय मी नुसतं सांगून थांबलो नाही. मोठ्या देशाला बाजूला सारून ते आपल्याकडे येतायत, असं छाती फुगवून सांगितलं. ती फुगलेली छाती पाहुणे आले त्याच दिवशी चौकात टांगली गेली.

पाहुणे आले तो पहिला दिवस फार छान गेला. ईटपासून थोड्या अंतरावरच्या एका वस्तीवर मालनबाई राहतात. साठीच्या आहेत, वीस-बावीस शेळ्या सांभाळतात आणि वस्तीवरच्या बायकांच्या गटाच्या प्रमुख आहेत. त्यांचा एक बोकड मी आधीच हेरून ठेवला होता. त्याचं नाव सरपंच. उठून उभा राहण्याआधी तो चारी बाजूंना बघून घेतो, म्हणून बायकांनी ते नाव ठेवलेलं. निवडीत बसला तर तो पैदाशीसाठी राहणार, नाहीतर पुढच्या बाजाराला खाटकाकडे. मालनबाई याबद्दल काही बोलत नव्हत्या, पण सकाळपासून त्याच्या अंगावरून दोनदा फडकं फिरवून झालं होतं.

बोकड निवडताना बोकडाकडे कमी आणि त्याच्या आईकडे जास्त बघायचं असतं. तिनं किती वेळा जुळी दिली, दूध किती होतं, करडं जगली का. मरियमबाईंनी नोंदी मागितल्या तेव्हा मी जरा गडबडलो, कारण आमच्या नोंदवह्या म्हणजे आनंदच आहे. मालनबाई त्यांना घराच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. भिंतीवर चुन्याच्या बोटांचे ठसे होते. एकेका शेळीची एकेक ओळ. एक करडू झालं तर एक बोट, जुळी झाली तर दोन बोटं चिकटून, आणि मेलेल्या करडाच्या ठशावर कोळशाची रेघ. सरपंचाच्या आईच्या ओळीत बहुतेक दोन-दोन बोटं होती आणि कोळसा एकच. मरियमबाई बराच वेळ त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या खात्याच्या संगणकापेक्षा हे स्वच्छ आहे.

दुपारपर्यंत चार बोकड पसंत पडले. सरपंच पहिला. मी खूश होतो आणि खुशीत माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, “आता तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या दारात जायची गरजच नाही. जेवढं लागेल तेवढं सगळं आम्हीच देऊ.”

मरियमबाईंचं हसू मावळलं. “डॉक्टर, हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकलंय,” त्या म्हणाल्या. “अगदी याच शब्दांत.”

मी विषय बदलला. आपण चुकीचं बोललो हे समजलं, पण काय चुकलं ते समजलं नाही.

त्याच दुपारी चौकात फ्लेक्स लागला. पाहुणे मुक्कामाला भूमला गेले ते दुसऱ्या रस्त्यानं, त्यामुळे त्यांना तो दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला त्यांच्या फोनवर त्याचा फोटोच दाखवला. फ्लेक्सवर ‘हार्दिक स्वागत’ होतं, भाऊसाहेबांचा हात जोडलेला फोटो होता, खालच्या कोपऱ्यात माझा फोटो होता, एक तगडा बोकड होता. मध्ये पाहुण्यांच्या देशाचा झेंडा. आणि त्याच्या शेजारी त्या मोठ्या देशाचा झेंडा, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली. मराठी वाचता येत नसेल तरी कुणालाही कळावं असं काम. भाऊसाहेबांनी तो फोटो फेसबुकवरही टाकला होता. तिथून तो कुणीतरी उचलला आणि रातोरात तो सीमेपलीकडच्या बातम्यांत पोचला.

पहाटेच लसींचे ट्रक थांबले होते. तपासणी चालू आहे.

मंत्री घाबरले होते. त्यांनी बाईंना सांगितलं, संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा पाठव. आम्ही फक्त फिरायला गेलो होतो, बोकडांचा काही विषय नाही, असं लिही आणि परत ये. त्या कागदावर सही झाली असती तर पाच वर्षांचं काम तिथंच बुडालं असतं, आणि तिथल्या शेळ्या एकाच घरच्या बोकडांवर राहिल्या असत्या. सही नाही केली तर लसी सीमेवर सडणार. बाईंसमोर हे दोनच रस्ते होते.

मी भाऊसाहेबांवर भडकलो. ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, डिझाइन तुमाला व्हॉट्सॲपवर पाठिवलं व्हतं की. तुमी अंगठा दिलाव.”

मी फोनमध्ये पाहिलं. दिला होता. परवा सकाळी चहा पिता पिता, फोटो न उघडताच. त्या संदेशाखाली माझा पिवळा अंगठा दिमाखात उभा होता. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती, आणि नोकरीत संधी बऱ्याच आल्या होत्या.

मरियमबाईंचा फोन संपल्यावर मी सगळं कबूल केलं. गुपित मीच बोललो, फ्लेक्सला होकार मीच दिला. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण जायच्या आधी मालनबाईंचा निरोप घेऊ, एवढंच म्हणाल्या.

वस्तीवर पोचलो तेव्हा मालनबाई शेळ्यांपुढे बाभळीचा पाला टाकत होत्या. पाहुणे आजच निघाले म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं. मी साध्या शब्दांत सांगितलं. मोठा शेजारी आहे, त्याच्याचकडून आजवर सगळं घेत होते, आता आपल्याकडून घ्यायचं म्हणतायत तर त्यानं वाट अडवली, आणि यांचे वरचे साहेब सांगतायत की आम्ही गेलोच नव्हतो असं लिहून द्या.

मालनबाई हातातली फांदी तशीच धरून म्हणाल्या, “म्हंजी माझ्या अर्धलीवानीच झालं की हे.”

अर्धल म्हणजे काय ते मी बाईंना समजावलं, वाचकांनाही सांगतो. ज्याच्याकडे ऐपत आहे तो आपली शेळी दुसऱ्याला सांभाळायला देतो. सांभाळणारी चारते, राखते, बाळंतपण करते. होतील ती करडं निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणारीची. आमच्याकडे कितीतरी बायकांचा कळप असाच उभा राहिला आहे.

मालनबाईंचाही तसाच उभा राहिला. त्यांच्याकडे सुरुवातीला सगळ्या शेळ्या गावातल्या एकाच मोठ्या बागायतदाराच्या होत्या. त्याच्याच शेळ्या, त्याचाच बोकड, त्याच्याच बांधावरचा पाला आणि त्याच्याच विहिरीचं पाणी. मग तो म्हणेल तेव्हा खुरपायला जायचं, म्हणेल त्याला मत द्यायचं. नाही म्हटलं की शेळ्या परत मागायचा. शेवटी त्यांनी वाशीकडच्या एका मास्तरांच्या दोन शेळ्या अर्धलीनं घ्यायच्या ठरवल्या.

“आणायच्या आदी म्या त्याच्या वाड्यावर गेले,” मालनबाई म्हणाल्या. “त्या साली झालेलं बेस करडू त्याच्या दारात बांधलं. म्हनलं, आबा, तुमच्या शेळ्या माझ्याकडं हायत तशाच ऱ्हात्याल. पर आजपासून दोन मास्तराच्या बी आनतेय. तुमास्नी दुसऱ्याकडनं कळायच्या आदी म्या सांगाय आले.”

मी भाषांतर करत होतो. मरियमबाई एकदम पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं, तो रागावला नाही का?

“रागावला की. पंधरा दिस बोलला न्हाय. हिरीवर पानी भरू दिलं न्हाय, लांबून आनलं.” मालनबाईंनी फांदी शेळ्यांपुढे टाकली. “पर लपून केलं असतं तर म्या चोर ठरले असते. तोंडावर सांगितलं, तर नुसता राग आला. आन् राग धरून करतो काय? त्याच्या धा शेळ्या माझ्याच दावणीला व्हत्या. त्या कोन सांभाळनार?”

मी शेवटचं वाक्य भाषांतरित केलं. मरियमबाईंनी मला सावकाश विचारलं, “ते शेवटचं परत सांगा. त्याच्या शेळ्या हिच्याकडे होत्या?”

मी परत सांगितलं.

त्या कुंपणापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्यांचा चेहरा बदलला होता. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे उंचावर कुरणं आहेत. दर उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या सीमेवरचे धनगर हजारो जनावरं घेऊन आमच्या कुरणांवर येतात. त्यांच्या बाजूला तेव्हा गवताची काडी नसते. आम्ही इतकी वर्षं फक्त आपण त्यांच्याकडून काय घेतो तेवढंच मोजत आलो.”

त्यांनी तिथेच, शेळ्यांच्या मध्ये उभं राहून मंत्र्यांना फोन लावला. या वेळी नजर जमिनीवर नव्हती. बराच वेळ त्याच बोलत होत्या. नंतर मला त्याचा सारांश सांगितला. खुलासा लिहायचा नाही. मंत्र्यांनी स्वतः शेजाऱ्याच्या मंत्र्याला फोन करायचा आणि सांगायचं की होय, आम्ही इथले बोकड घेतोय. तुमच्याकडून जे घेतो तेही घेत राहू. कुरणं नेहमीप्रमाणे उघडी राहतील आणि नव्या रक्ताचा फायदा तुमच्या धनगरांच्या कळपांनाही देऊ. फ्लेक्सवरच्या फुलीबद्दल मात्र माफी मागायची, कारण ती चूकच होती. मंत्री कुरकुरत का होईना, तयार झाले.

कुरणं बंद करू अशी धमकी का दिली नाहीत, असं मी विचारलं. बाईंनी मालनबाईंकडे बोट दाखवलं. “यांनी कुठे शेळ्या सोडून देईन म्हटलं?”

माफीचं पत्र मी लिहिलं. शेजारी देशाच्या नावे, संस्थेच्या लेटरहेडवर, माझ्या सहीनं. भाऊसाहेबांनीही सही केली. फुली मारायची कल्पना त्यांच्याच मेहुण्याची होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

पुढचे दिवस वाईट गेले. शेजारी चिडला. तिथल्या बातम्यांत बरंच काही आलं. काही लसी खरंच वाया गेल्या आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण काही आठवड्यांनी ट्रक सुटले. उन्हाळा तोंडावर आला होता आणि सीमेवरचे धनगर आपल्याच सरकारला विचारायला लागले होते, की कुरणांचं काय ठरलं.

सरपंच आणि बाकीचे तीन बोकड प्रयोगशाळेत गेले. तिथं त्यांना महिनाभर वेगळं ठेवलं, रोगांच्या तपासण्या झाल्या, मग रेतमात्रा तयार झाल्या. तेव्हा मरियमबाईंच्या खात्याचं मागणीपत्र आलं. आम्ही देऊ शकत होतो त्याच्या निम्मीच मागणी होती. बाकीच्या निम्म्या मात्रा त्यांनी आणखी एका तिसऱ्याच देशाकडून घ्यायचं ठरवलं होतं. मला ते लागलं. एवढं सगळं झालं आणि निम्मंच? मी तावातावानं मालनबाईंना सांगायला गेलो.

त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. “मंग? अर्धलच हाय की, डॉक्टरसाहेब. सगळंच तुमच्याकडनं घेतलं असतं, तर आबाच्या जागी तुमी बसला असता.”

मला तेव्हा कुठे त्या पहिल्या दुपारच्या वाक्यात काय चुकलं होतं ते कळलं. सगळं आम्हीच देऊ, हे देणाऱ्याला प्रेम वाटतं. घेणाऱ्याला ते दावं वाटतं. छोटा देश मोठ्याला सोडून दुसऱ्या मोठ्याच्या दारात जाऊन बसत नाही. तो दोन-तीन दारं उघडी ठेवतो आणि जुनं दारही लावून घेत नाही. मालनबाईंना हे दोन शेळ्यांत समजलं होतं, मला त्यासाठी आख्खी आंतरराष्ट्रीय भानगड करावी लागली.

मात्रा तिकडे वापरल्यावर पाच महिन्यांनी, म्हणजे शेळीचे दिवस भरल्यावर, मरियमबाईंचा फोटो आला. दगडी भिंत, तिच्यापुढे काळी कुळकुळीत दोन करडं, लांब कान. खाली एकच ओळ होती, मालनबाईंना दाखवा. त्या भिंतीवर चुन्याची दोन बोटं उमटवलेली होती, चिकटून. मालनबाईंनी फोन हातात घेतला, करडं बघितली, मग भिंत बघितली आणि पदर डोळ्याला लावला.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या संस्थेला एक पत्र आलं. ते त्या मोठ्या शेजारी देशाच्या पशुसंवर्धन खात्याचं होतं. त्यांच्या धनगरांनी कुरणावर नवी करडं पाहिली होती. उस्मानाबादी शेळीची माहिती मिळेल का, असं विचारलं होतं. भाऊसाहेबांचा लगेच फोन आला. “डॉक्टर, या टायमाला...”

“नको,” मी म्हणालो.

जुना फ्लेक्स मालनबाईंनी मागून नेला होता. ऊन लागू नये म्हणून त्यांनी तो गोठ्यावर बांधलाय, छापलेली बाजू खाली करून. सरपंच प्रयोगशाळेतून परत आला, तो आता त्याच्याखाली बसतो. परवा गेलो तेव्हा वर मान करून पाहिलं. झेंड्यांवर धूळ बसलीय, भाऊसाहेब अजून हात जोडून आहेत. खालचा कोपरा तेवढा लोंबत होता, तो करडांनी उड्या मारमारून खाल्लाय. माझा फोटो त्याच कोपऱ्यात होता. तोंडापासून सुरुवात केली असावी.